रविवारी इसार द्यायचा का? थांब बाई, आधी कागद पाहू

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका ताईचं पत्र आलंय. लांब आहे म्हणून थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. लग्नाला सहा वर्षं झाली, एक पोरगी आहे. मी आशा वर्कर आहे, हे कापसाच्या जिनिंगमध्ये जातात, सीझन संपला की मिळेल ते काम. तालुक्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. चार लाख जमलेत आणि माझं तीन तोळे सोनं मोडायची माझी तयारी आहे. दोन जागा पाहिल्या. एक बायपासजवळचा प्लॉट, साडेचार लाख. दलाल म्हणतो एनए (बिगरशेती) होऊनच राहिलं, रजिस्ट्री मंग होईल, आता नोटरी करून घ्या अन् रविवारपर्यंत एक लाख इसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं म्हणजे सहा किलोमीटरवरच्या गावात जुनं कवेलूचं (कौलारू) घर, सव्वापाच लाख. मालक वारले, त्यांचे चार पोरं विकून राहिले. सासू-सासरे म्हणतात बाहेर काऊन पैसा घालता, आमच्याच आंगणात दोन खोल्या काढा. यांना प्लॉट पाहिजे, मला घर पाहिजे. मी कागद विचारले की हे म्हणतात तुले सगळेच चोर दिसतात. मंग दोन-दोन दिवस बोलणं बंद. काय करू?"

रविवारी एक रुपया पण देऊ नको. हे आधी सांगते, बाकीचं निवांत बोलू. दुसरं गिऱ्हाईक तयार असेल तर घेऊ दे त्याला. दारव्ह्याच्या आजूबाजूला प्लॉट संपले असं काही झालेलं नाही आणि जो माणूस तुला सातबारा पाहायला चार दिवस देत नाही त्याला तुझा एक लाख काऊन द्यायचा?

आणि ते चोर दिसण्याचं. लसीकरणाच्या दिवशी बाळाचं कार्ड पाहिल्याशिवाय तू पुढं जात नाहीस, ते काय त्या बाळाच्या मायवर शंका म्हणून? तसंच हे आहे. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नाही, आणि जो खरा मालक असतो तो कागद दाखवताना चिडत नाही, उलट पिशवी घेऊनच बसतो. तुझ्या नवऱ्यालाही मी वाईट म्हणत नाही. सहा वर्षं भाडं भरून माणूस कंटाळतो, कुठंतरी आपलं नाव लागावं असं वाटते, आणि दलाल नेमकं त्यावरच बोट ठेवते. पण तुमच्याकडं एवढाच पैसा आहे. हा अडकला तर परत जमवायला किती वर्षं लागतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता प्लॉटचं. "एनए होऊनच राहिलं" याचा अर्थ आज ते शेत आहे. एवढंच. शेताचा तुकडा नोटरीवर घेतला तर तुमच्या हातात काय येते, तर एक स्टॅम्पपेपर ज्यावर दोन सह्या अन् एक शिक्का. नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि त्यात साफ आहे की शंभर रुपयांच्या वरची जागा विकायची तर दस्त नोंदवावाच लागते, म्हणजे आपण रजिस्ट्री म्हणतो ते. नोटरीनं मालकी येत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सही याच माणसानं केली. सातबाऱ्यावर नाव त्या कास्तकाराचंच राहते, उद्या त्यानं तोच प्लॉट दुसऱ्याला विकला किंवा तो वारला आणि पोरं म्हणाले आम्हाला काही माहीत नाही, की तुम्ही कोर्टात.

शिवाय शेताचे असे छोटे तुकडे करून विकायला १९४७ पासून तुकडेबंदी कायदा आहे. अलीकडं त्यात सवलती आल्यात आणि दलाल लोकं त्याच सवलतीचं नाव घेऊन राहिले, पण कोणत्या जागेला सवलत आहे आणि कोणत्या नाही ते दलालाच्या तोंडून ऐकायचं नाही, तहसीलमधून लेखी घ्यायचं. गुंठेवारी (परवानगीशिवाय गुंठ्यानं पाडलेले प्लॉट) नियमित करून देतो असंही सांगतील, तर त्यालाही ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचेच प्लॉट चालतात, काल-परवा चुना टाकून पाडलेले नाहीत.

तू एक कर. त्या शेताचा गट नंबर माग (आपल्याकडं लोकं अजून सर्वे नंबरच म्हणतात, दोन्ही विचार). महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा फुकट पाहता येते आणि डिजिटल सहीचा पाहिजे तर १५ रुपये. मोबाईलवर तू रोज एवढी माहिती भरतेस, हे तर दोन मिनिटांचं काम. त्यात तीन ठिकाणी नजर टाक. नाव कोणाचं आहे, जो माणूस पैसे मागून राहिला त्याचंच आहे का. भूधारणा पद्धती काय लिहिली आहे, वर्ग १ की वर्ग २. आणि "इतर हक्क" म्हणून रकाना असते तिथं सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का. आपल्याकडं पीककर्जाचा बोजा नसलेलं शेत शोधावं लागते, आणि बोजा उतरवल्याशिवाय ते शेत घेतलं तर कर्ज जमिनीच्या मागं येते. वर्ग २ असलं तर सरकारी परवानगीशिवाय विकताच येत नाही. त्यात पुनर्वसनाच्या जमिनी असतात, पट्ट्याच्या असतात, भूदानात मिळालेल्याही असतात, आणि आपल्या विदर्भात भूदानाच्या जमिनी काही कमी नाहीत. आदिवासी माणसाच्या नावाची जमीन असेल तर बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, यवतमाळ जिल्ह्यात हे पाहणं लय जरुरी आहे. आणि ई-क्लास निघाली तर विषयच संपला, ती गावची सरकारी जमीन, ती विकायचा कोणाला हक्कच नाही.

हे सगळं साफ निघालं, एनएचा आदेश हातात आला, मंजूर लेआउटचा नकाशा आला, त्यात तुझा प्लॉट नंबर आहे, कमी-जास्त पत्रक (शेताचे प्लॉटवार वेगळे हिस्से नोंदवणारा भूमी अभिलेखचा कागद) होऊन त्या प्लॉटचा वेगळा सातबारा निघाला, तर प्लॉट वाईट नाही. मंग खुशाल घ्या, थेट रजिस्ट्रीच करा. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (प्लॉट-इमारतींच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर पण असायला पाहिजे, तो विचारलास की दलालाचा आवाज बदलते का ते पाहा.

पण एक गोष्ट तुमच्या दोघांच्या बोलण्यात आलेली दिसत नाही. प्लॉट म्हणजे घर नाही. चार लाख आणि वर सोनं त्या मातीत गेलं की बांधायचे पैसे कुठून आणणार? भाडं चालूच राहील. आणि दारव्ह्याकडची काळी माती, ती पावसात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागते, भर टाकावी लागते, नाहीतर दोन पावसाळ्यात दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा येतात. पायाचाच खर्च ऐकून लोकं गार होतात. म्हणून जुन्या घराकडं तुझं मन ओढते ते मला पटते. निदान राहायला तर जाता येईल.

पण त्या घराचे कागद प्लॉटपेक्षा जास्त गुंतलेले असू शकतात, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसते. लोकं ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून दाखवतात आणि म्हणतात हे पाहा मालकी. ती मालकी नाही, तो घरटॅक्सचा कागद आहे. ज्याच्याकडून टॅक्स घ्यायचा त्याचं नाव. मालकी पाहायची तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहायची. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावोगावी ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी केली आणि लोकांना सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, दिल्या, त्या गावात मोजणी झाली का, या घराची सनद निघाली का, कोणाच्या नावानं निघाली, हे भूमी अभिलेखच्या ऑफिसात कळते. सनद असेल तर तुझं अर्धं काम झालं. नसेल तर जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, जे काही ट्रंकेत असेल ते मागायचं आणि वकिलाला दाखवायचं. आणि घर गावठाणात आहे की हळूहळू सरकारी जागेवर सरकलेलं आहे हेही तिथंच समजते. आपल्या गावांत मागची सांदवाडी बरेचदा नकाशाच्या बाहेर असते. घरकुलाचं अनुदान घेऊन बांधलेला भाग असेल तर तेही विचार, त्याच्या विक्रीला अटी असतात.

तू लिहिलं चार पोरं विकून राहिले. बहिणी किती? पत्रात बहिणीचा शब्दच नाही. आणि त्यांची माय आहे का? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊच नको. बाप मृत्युपत्र न करता वारला असेल तर १९५६ च्या वारसा कायद्यानं बायको, पोरं, पोरी सगळ्यांचा सारखा हिस्सा. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरातही पोरीचा हक्क पोराएवढाच आहे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तर अजून साफ केलं की बाप २००५ ला जिवंत होता की नाही यानं काही फरक पडत नाही. गावात अजून लोकं म्हणतात पोरीचं लग्न केलं, हुंडा दिला, आता तिचं काय. कायदा तसं मानत नाही. चार भावांनी सह्या दिल्या आणि पुसदला किंवा सुरतला दिलेली बहीण पाच वर्षांनी आली की माझा हिस्सा द्या, तर ती खोटी नाही, तिचा हक्क आहे, आणि तो तिनं तुझ्याकडून मागायचा का? म्हणून रजिस्ट्रीच्या दिवशी सगळे वारस लिहून देणार म्हणून पाहिजेत, माय आणि बहिणींसकट. कोणी बाहेरगावी असेल तर नोंदवलेलं मुखत्यारपत्र, किंवा आधी नोंदवलेलं हक्कसोड. साध्या कागदावर "माझं काही म्हणणं नाही" असं लिहिलेलं चालत नाही. आणि मला विचारशील तर, बहिणींना त्यांचे पैसे खरंच मिळून राहिले का हेही पाहा. तुझं पहिलं घर कोणाच्या डोळ्यातल्या पाण्यावर उभं राहायला नको असं मला मनापासून वाटते.

वकिलाकडून सर्च (त्या घराच्या जुन्या नोंदणी व्यवहारांचा शोध) काढून घे, तीस वर्षांचा काढतात साधारण, आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांग. थोडे पैसे जातील. जाऊ दे.

आता घर स्वतः. ते उन्हाळ्यात पाहिलंस, आता एक जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. कवेलू कुठं गळते, भिंतीला खालून किती ओल चढली, आंगणात पाणी कुठून येते अन् कुठं थांबते. कवेलूची घरं थंड असतात, आपल्या ४५ डिग्रीत त्याची किंमत टिनाच्या घरात राहणाऱ्यालाच कळते, पण दरवर्षी मिरगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात आणि ते काम करणारी माणसं आता गावात सापडत नाहीत, त्यात माकडं रोज दहा फोडतात. त्या गावात माकडांचा त्रास किती ते शेजारणीला विचार, हसण्यासारखी गोष्ट नाही ती. लाकूड पाहा. आपल्या यवतमाळकडं जुन्या घरात चांगला साग असते, खांब, पाट्या, चौकटी, तो आतून उधईनं खाल्ला नाही ना हे सुताराला नेऊन ठोकून पाहायला लाव. आणि रजिस्ट्रीत लिहून घे की घर सागवानासकट, दरवाजे-चौकटीसकट विकलं. पैसे दिले आणि ताबा घ्यायला गेले तर सागाच्या चौकटी काढून नेलेल्या, असं होते.

पाणी. हे तर पहिलंच लिहायला पाहिजे होतं. त्या गावातल्या बायांना विचार की मे महिन्यात नळ किती दिवसाआड येते, हँडपंप चालते का. तू आशा आहेस, तुला खरं सांगतील. जिल्ह्यात काही तालुक्यांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पोरांचे दात पिवळे पडतात, म्हाताऱ्यांची हाडं वाकतात, त्यामुळं बोअर असेल तर पाणी सरकारी लॅबमध्ये तपासून घे. आणि हेच पत्र अकोला-दर्यापूरकडच्या कोणी वाचून राहिलं असेल तर तिकडं खारपाणपट्टा आहे, तिथं बोअरच्या भरवशावर घर घेऊच नका. आणि अजून एक, सहा किलोमीटर म्हणजे जवळ वाटते पण रात्री दहाला जिनिंगमधून सुटल्यावर यांना गाडीनं त्या रस्त्यानं यायचं आहे, पोरीची शाळा आहे, तुझं कामाचं गाव वेगळं आहे. एकदा त्या वेळेला जाऊन या दोघं.

सासू-सासऱ्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. म्हातारी माणसं एकटी राहणार ही त्यांची भीती आहे, ती खोटी नाही. पण ज्या आंगणात तू खोल्या काढशील ते आंगण सासऱ्यांच्या नावावर. उद्या त्यात दिराचा हिस्सा, नणंदेचा हिस्सा, आणि तुझे चार लाख त्या भिंतींत. आज सगळे गोड आहेत म्हणून कोणी हे बोलत नाही. खरंच तिथं बांधायचं असेल तर सासऱ्यांनी तेवढ्या जागेचं नोंदवलेलं बक्षीसपत्र तुमच्या दोघांच्या नावानं आधी करून द्यावं, मंग विटा आणा. ते तयार झाले तर तिन्ही पर्यायांत हाच सगळ्यात स्वस्त आहे आणि मी यालाच हो म्हणेन, जर तिथं तुझा जीव रमत असेल तर. ते तूच जाणतेस, पत्रात तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

कर्जाचं थोडक्यात सांगते. तीस लाखाच्या आतल्या होम लोनला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण गावठाणातल्या जुन्या घराला बँका का-कू करतात आणि नोटरीच्या प्लॉटला तर उभंच करत नाहीत. तुम्हाला लोन नको असलं तरी कागद घेऊन बँकेत जा आणि विचारा यावर मिळेल का. त्यांचा वकील नाही म्हणाला तर काऊन नाही म्हणाला ते विचारून घ्या, त्याला त्या कागदात जे दिसलं ते तुम्हालाही लागू आहे. हप्ता ठरवताना जिनिंग बंद असते त्या महिन्यांचा हिशोब करा, कापसाच्या सीझनचा नाही. आणि मायक्रोफायनान्सच्या गटातून उचलून इसार देऊ नको, आठवड्याचा हप्ता सुरू होते आणि घर अजून कुठंच नसते. इसार जेव्हा केव्हा द्याल तेव्हा खात्यातून द्या, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं-देणं आयकर कायद्यात चालत नाही, आणि इसारचिठ्ठीत लिहा की कागदात खोट निघाली तर पूर्ण पैसे इतक्या दिवसात परत.

आता नाव. तू विचारलं नाहीस पण मी सांगतेच. तुझं तीन तोळे सोनं या घरात जाऊन राहिलं, कदाचित तुझ्या मायबापानं दिलेलं. त्यामुळं रजिस्ट्रीवर तुझं नाव पाहिजे. बाईच्या एकटीच्या नावानं राहतं घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती सूट जाते, आणि रिकाम्या प्लॉटला ती लागत नाही. सव्वापाच लाखावर एक टक्का म्हणजे सव्वापाच हजार. माझं मत विचारशील तर तेवढे सव्वापाच हजार जाऊ द्या आणि दोघांच्या नावानं करा, कारण पैसा दोघांचा आहे आणि तुमच्यात आधीच ताण आहे. पण एकट्या यांच्या नावानं, असं नको. आणि रजिस्ट्री झाली की थांबू नका, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आणि मिळकत पत्रिकेवरही दोघांची नावं चढवून घ्या. लोकं रजिस्ट्री कपाटात ठेवतात आणि फेरफार वर्षानुवर्षं राहून जाते.

यांच्याशी बोलताना प्लॉट की घर असं भांडू नका. असं म्हण की दोन्हीचे कागद काढू, ज्याचे साफ निघतील ते घेऊ, तुमचा प्लॉट साफ निघाला तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि हे खरंच पाळ. कागद काढायला यांनाच सोबत ने, पटवाऱ्याकडं दोघं जा. एकट्यानं जाऊन पुरावा आणून समोर ठेवलास तर ते हरल्यासारखं वाटते माणसाला, सोबत पाहिलं तर तो आपल्या दोघांचा शोध होते.

दलालाला रविवारी फोन करून एवढंच सांग, भाऊ, एनएचा आदेश आणि प्लॉटचा सातबारा व्हॉट्सअपवर टाका, मंग बसू. आणि त्या चार भावांच्या बहिणी किती, माय आहे का, ते कळलं की मला परत लिही. सनद निघाली असेल तर त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते पण लिहून पाठव, मंग पुढचं सांगते.